मुखव्रण
मुखव्रण किंवा तोंड येणे म्हणजे जिभेवर अथवा गाल व ओठांच्या आतील बाजूस उथळ, वेदनादायक व्रण होणे. दाताचा घाव, मानसिक ताण, तसेच लोह, फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता त्यास कारणीभूत ठरते. लहान व्रण बहुधा ७ ते १४ दिवसांत भरतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व मलम पुरते. अमरावती, अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत मात्र रुग्ण खर्रा खातो का, हे आधी विचारावे लागते. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून पानठेल्यावर खर्रा तयार करतात. त्यातील सुपारीमुळे श्लेष्मल त्वचेखाली तंतुमयता वाढते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. हे साधे तोंड येणे नव्हे. ३ आठवड्यांत न भरणारा व्रण, तो दुखत नसला तरी, कर्करोगाचा असू शकतो. त्याची बायोप्सी करतात.