विराणीतला निळा आणि ट्यूबमधला निळा

एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर तीन आठवड्यांच्या आत दोन कलाकृती आल्या. २ तारखेला सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीवरचा चित्रपट आणि २२ तारखेला अ‍ॅलिस ओसमनच्या चित्रकथेवर बेतलेली 'हार्टस्टॉपर' ही ब्रिटिश मालिका. शाळकरी चार्ली आणि निक यांच्या प्रेमाची ही मालिका रंगांतून बोलते. चार्लीभोवती निळा, निकभोवती पिवळा. आणि निक स्वतःविषयी साशंक होतो त्या पार्टीतला प्रकाश गुलाबी, जांभळा, निळा. हेच तीन रंग मायकेल पेज याने १९९८ साली उभयलैंगिकांच्या ध्वजासाठी निवडले होते. येथे रंगाचा अर्थ आधीच ठरलेला आहे; जाणत्याला खूण पटते.

'कोबाल्ट ब्लू'मधला निळा असा ध्वजावरून उतरलेला नाही. २००६ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या या छोटेखानी कादंबरीत पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरी एक तरुण चित्रकार पेइंग गेस्ट म्हणून येतो. तनय आणि अनुजा ही भावंडे, एकमेकांच्या नकळत, त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजासह निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. त्याला नाव नाही. तनयचे निवेदन त्यालाच 'तू' म्हणून उद्देशलेले आहे.

शीर्षकात 'निळा' हा शब्द नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. कोबाल्ट ब्लू हे रंगाच्या ट्यूबवरचे नाव. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार याने १८०२ साली सिद्ध केलेले हे रंगद्रव्य चित्रकाराच्या टेबलावर असते, घरगुती बोलीत नसते. तनयच्या घरात त्याच्या प्रेमाला शब्द नाही. जे नाव आहे ते बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या सामानातले आहे.

मराठीत मात्र निळ्याला मोठा पूर्वेतिहास आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत सावळ्या, निळ्या कृष्णासाठी झुरणारी विरहिणी बोलते. कवी पुरुष, प्रियकर पुरुषरूपी देव, आणि मध्ये स्त्रीचा आवाज. यावरून संतकवीच्या लैंगिकतेविषयी काही सिद्ध होत नाही आणि तसे सुचवणे उथळपणाचे ठरेल. परंतु पुरुषाने पुरुषरूपासाठी व्याकूळ होण्याची भाषा मराठीला सात शतके ठाऊक आहे. तिला स्त्रीवेषाची आणि भक्तीची अट होती, एवढेच. तनय ही अट पाळत नाही. न परतणाऱ्याला तो 'तू' म्हणतो, तेही स्वतःच्याच आवाजात.

निळ्याचा दुसरा मराठी अर्थ सार्वजनिक आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने निळा ध्वज हाती घेतला आणि हा रंग एका समाजाच्या स्वाभिमानाचा झाला. रंगाला असा अर्थ येण्यासाठी त्याखाली एकत्र उभे राहणारे लोक लागतात. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकातील सुमित्राला असे लोक मिळाले नाहीत. तिचा शेवट आत्महत्येत होतो. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला होता, परंतु कादंबरीतल्या तनयपाशी तसे कोणी नाही. त्याच्याजवळ रंग आहे, ध्वज नाही.

कादंबरी आली तेव्हा कलम ३७७ लागू होते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध अखेर गुन्ह्यातून मुक्त झाले. त्यानंतर आलेला चित्रपट पुण्याहून कोचीत गेला, मराठीतून हिंदी-इंग्रजीत गेला. कथाकाळ मात्र त्याने १९९६ हाच धरला.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्ये वाढलेला विद्यार्थी आज 'हार्टस्टॉपर' पाहील तो बहुधा लोकलच्या गर्दीत, कानात इअरफोन घालून. ध्वज त्याच्या मोबाइलवर आहे. तनयला लाभलेली पाहुण्याची खोली त्याच्या घरात नाही. मालिकेचे रंग त्याला सांगतात, तू एकटा नाहीस. हे सांगणे मोलाचे आहे. पण घरी परतल्यावर आईशी बोलायचे ते मराठीतच, आणि तिथे ध्वजाचे रंग फारसे कामी येत नाहीत. म्हणून वर्गात 'कोबाल्ट ब्लू' शिकवताना विराणी शेजारी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. आपल्या व्याकुळतेला या भाषेत जुनी जागा आहे, हे त्या विद्यार्थ्याला निदान वर्गात तरी कळावे.