माळवद, स्लॅब आणि कॉम्प्युटर: पोरांना घर शिकवताना दोन्ही हिशेब शिकवा

इंजिनिअरिंगची पोरं आता आख्खं घर स्क्रीनवर उभं करतात. भिंत किती जाड, खिडकी कुठल्या दिशेला, छत कशाचं, सगळं त्या मॉडेलमध्ये भरतात. मग तेच मॉडेल सांगतं की मे महिन्यात दुपारी तीन वाजता या खोलीत किती तापेल. चांगलंच आहे. पण हे शिकवायला उदाहरण कुठलं घ्यायचं? माझं म्हणणं, आपल्याच गावातलं घ्या. आपल्या घरांचा इतिहास या विषयाचा तयार धडा आहे.

घर बांधायचं शिक्षण आपल्याकडे कॉलेजात फार उशिरा आलं. पुण्यात १८५४ ला इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. मराठवाड्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज औरंगाबादला १९६० मध्ये झालं, नांदेडचं १९८१ मध्ये. तोवर, आणि खेड्यात त्यानंतरही, घर बांधायचं ज्ञान होतं ते गवंडी आणि सुताराच्या हातात.

त्यांनी बांधलं ते माळवद. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, सागाचे नाहीतर लिंबाचे सर, त्यावर लाकडं आणि वर दीड-दोन फूट पांढरी माती. उजेडासाठी छतालाच एक भोक. बाहेर पारा ४४-४५ वर असताना आत माणूस दुपारी निवांत झोपायचा. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची. दरसाल थोडी थोडी.

इथंच घोळ होता. दीड फूट मातीचं वजन चौरस फुटाला साधारण ६५-७० किलो भरतं. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीवर आठेक टन. खाली मातीत रचलेला दगड. बाहेरचा आणि आतला थर नीट बांधून ठेवणारे लांब दगड बऱ्याच भिंतींत नव्हतेच.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. हजारो माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगड-मातीखाली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. त्या पहाटेनंतर मराठवाड्याचा दगड-मातीच्या घरावरचा विश्वास उडाला. ऐपत असलेल्याने माळवद उतरवून स्लॅब टाकला, नसलेल्याने पत्रे. भीती खरीच होती, त्यात कुणाला दोष देता येत नाही.

पण एक हिशेब सोडवताना दुसरा सुटला. छतातून उष्णता किती सहज आत येते ते मोजायला 'यू-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. जितका कमी तितकं घर थंड. सहा इंची उघड्या स्लॅबचा हा आकडा ३.३ च्या आसपास येतो. दीड फूट मातीच्या माळवदाचा मातीप्रमाणे कमी-जास्त होईल, पण स्लॅबच्या निम्म्याहून खालीच येतो. केंद्राने २०१८ ला घरांसाठी इको निवास संहिता आणली, तिच्यात छताची मर्यादा १.२ आहे. आजोबांचं माळवद त्या मर्यादेच्या जवळपास, आणि नातवाचा स्लॅब जवळजवळ तिप्पट!

बरं, ही संहिता लागू कुणाला? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींना. घरकुल योजनेतलं २५ चौरस मीटरचं घर तिच्या बाहेरच. ज्याच्याकडे कूलरच्या बिलाला पैसे नाहीत, त्याच्याच डोक्यावर सगळ्यात तापणारं छत. म्हणून हा विषय निव्वळ कॉलेजचा राहत नाही.

शिकवताना अडचण अशी की भूकंपाचा हिशेब एका विषयात असतो आणि उन्हाचा दुसऱ्या. पोरगं दोन्हीत पास होतं, पण दोन्ही प्रश्न एकाच घराला विचारत नाही. नेमकी हीच चूक मराठवाड्याने आधी माळवद बांधून केली आणि मग स्लॅब टाकून केली. आता साधन हातात आहे. एकाच मॉडेलमधून वजनही निघतं आणि तापमानही. एनर्जीप्लससारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं.

म्हणून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. एक, प्रत्येक वर्गाने तालुक्यातलं एक उभं माळवद मोजावं. भिंतीची जाडी, मातीचा थर, आतलं-बाहेरचं तापमान. आपल्या पांढऱ्या मातीचे आकडे पुस्तकातून आयते उचलू नयेत, नमुना प्रयोगशाळेत तपासावा. दोन, हवामान पुण्याचं भरू नये. आपल्या कृषी विद्यापीठात रोजच्या नोंदी होतात, त्या मागून घ्याव्यात. तीन, घरकुलाचाच नकाशा घेऊन बघावं: छताला चुन्याचा पांढरा लेप दिला तर किती फरक? पश्चिमेची खिडकी हलवली तर? आणि त्याने भार किती वाढला?

भूकंप ही जुनी गोष्ट आहे असं कुणी समजू नये. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले. आणि ऊन तर दरवर्षी येतंच.

माळवद परत आणा असं मी म्हणत नाही. त्याने काय दिलं आणि काय घेतलं, दोन्ही मोजून पुढचं घर बांधा, एवढंच म्हणणं.

तुमच्या गावात माळवद अजून उभं आहे का? मातीचा थर किती आहे? कमेंटमध्ये लिहा. आणि घरात सिव्हिलचा विद्यार्थी असेल तर त्याला ही पोस्ट दाखवा.