खानदेशातील माध्यमिक अभ्यासक्रम
विद्यार्थ्याचा कल व कुवत पाहून विषयांची योजना करण्याचा प्रश्न जळगाव-धुळे भागात जुना आहे. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेची (१८५९ पासून) चौकट ठराविक होती. तरीही अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी (१८९९–१९५०) १९२४ ते १९३० या काळात ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित चालवून वसतिगृहातील मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरील वाचनाची गोडी लावली. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) भाषा, समाजशास्त्रे, सामान्य विज्ञान व गणित आणि एक हस्तव्यवसाय हे गाभ्याचे विषय ठरवून मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, कृषी, ललितकला व गृहविज्ञान असे सात ऐच्छिक गट सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) उलट दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण योग्य मानले. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली व विषयांची शाखावार निवड अकरावीवर गेली. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने (२०२०) माध्यमिक स्तरावर ही निवड पुन्हा मोकळी करण्याची शिफारस केली. तथापि निवडीचा हक्क शाळेतील शिक्षक व प्रयोगशाळा यांवर अवलंबून असतो. अहिराणी वा भिली बोलणाऱ्या मुलास तर प्रमाण मराठी हाही प्रथम शिकावयाचा विषय ठरतो. ही बाब कोणत्याही गटरचनेत पुरेशी सामावलेली नाही.