साठ मिनिटांचा राजपुत्र : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि मराठवाडा

#थ्रेड #इतिहास

१/ दगडी तळघर. मागे धाडकन पडलेली लोखंडी जाळी. पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण. हाती शस्त्र नाही, नकाशा नाही, फक्त साठ मिनिटे आहेत. १९९० च्या दशकात नांदेड-लातूरच्या संगणक वर्गांत बसलेल्या अनेकांना या दृश्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या खेळाची ही कथा.

२/ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा कर्ता जॉर्डन मेकनर. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याचा ‘कराटेका’ हा खेळ १९८४ मध्ये गाजला. १९८५ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने नवा खेळ हाती घेतला. संकल्पना, चित्रे आणि आज्ञावली, जवळजवळ सारे एकट्याचे. संगीत वडिलांचे, फ्रान्सिस मेकनर यांचे.

३/ त्या काळी खेळांतील माणसे बाहुल्यांसारखी सरकत. मेकनरने धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून वाहनतळावर धावायला, उड्या मारायला, लटकायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग एकेक चौकट संगणकात उतरवली. राजपुत्राचा तोल सावरण्याचा जिवंतपणा त्या मुलाच्या शरीरातून आला आहे.

४/ तलवारबाजीचा नमुना १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातील द्वंद्वातून घेतला. खरे तर प्रारंभी खेळात लढाई नव्हतीच. ती हवी, असा आग्रह सहकारी टोमी पिअर्स हिने धरला. पण अडचण होती : अ‍ॅपल टू या संगणकाची स्मृती भरत आली होती, नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती.

५/ उपाय अडचणीतूनच निघाला. राजपुत्राचीच चित्रे गणिती युक्तीने पालटून वापरली आणि जन्मास आली ‘सावली’. आरशातून उडी मारताच ती राजपुत्रापासून सुटते, पुढे त्याला छळते आणि अखेरीस तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून तिला सामोरे गेले, तरच वाट मोकळी होते.

६/ १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने खेळ बाजारात आणला, तेव्हा अ‍ॅपल टूचे दिवस संपत आले होते. विक्री निराशाजनक होती. १९९० मध्ये डॉस प्रणालीसाठी आवृत्ती निघाली, पुढे इतर यंत्रांसाठीही निघाल्या आणि खेळ जगभर पसरला. हीच डॉस आवृत्ती भारतात घरोघरी नव्हे, तर वर्गावर्गांत पोहोचली.

७/ १९९१ च्या उदारीकरणानंतर जिल्ह्याच्या गावांतही संगणक वर्गांच्या पाट्या लागू लागल्या. नांदेडमध्ये १९८१ पासून गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था होती. १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. घरी संगणक असणे ही मात्र फार थोड्यांची चैन होती.

८/ खेळ एका फ्लॉपीत मावत असे आणि फ्लॉपी खिशात मावत असे. पुणे-मुंबईहून किंवा हैदराबादहून परतणाऱ्या कुणाच्या तरी खिशातून ती येई आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाई. या प्रवासाची पावती नव्हती. मूळ खेळात नक्कल रोखण्यासाठी पुस्तिकेतील अक्षरे ओळखून पेय निवडावे लागे. पुस्तिका इथवर कधी आलीच नाही, आला तो कुलूप फोडलेला खेळ.

९/ सर बाहेर गेले की काळ्या पडद्यावर आज्ञा टंकली जाई. निर्देशिका बदलणे, फाइल शोधणे, प्रत करणे हे धडे कित्येकांनी पुस्तकापेक्षा या खेळापायी लवकर पाठ केले. एक जण कळफलकावर आणि चार जण पाठीशी, ‘थांब, फरशी हलतेय’ म्हणून ओरडणारे. त्यातच वीज गेली की राजपुत्र, सुलतान, शहजादी सारेच अंधारात.

१०/ या भूमीला ती गोष्ट परकी वाटण्याचे कारणही नव्हते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार १८८० च्या दशकापर्यंत फारसीत चाले. वजीर, दरवाजा, बुरूज, खंदक हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन कधीच घरचे झाले होते. कपटी वजीर जाफर हा इथल्या मुलांना भाषांतराविना कळला.

११/ आणि किल्ले तर शेजारीच होते. नांदेड जिल्ह्यात खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला. लातूर जिल्ह्यात औसा आणि १७६० च्या मराठे-निजाम लढाईने इतिहासात नोंदलेले उदगीर. शाळेच्या सहलीत पाहिलेली दगडी भिंत आणि पडद्यावरचे तळघर यांत मुलांच्या कल्पनेला फार अंतर नव्हते.

१२/ आज हा खेळ पुन्हा उघडला तर पहिली जाणीव होते ती कठोरपणाची. मेल्यावर पातळी पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. खेळ जतन केला, तरी उरलेला वेळ तेवढाच. तरी त्याच खेळात जमिनीतून उसळणाऱ्या सुळ्यांमधून सावकाश पावले टाकत गेले, तर इजा होत नाही. घड्याळ घाई करायला लावते आणि वाट सबुरी मागते. खेळाची सारी रंगत या ओढाताणीत आहे.

१३/ मूळ आज्ञावली बरीच वर्षे हरवलेली होती. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. चुंबकीय फीत काळाबरोबर विरत जाते. आणखी उशीर धोक्याचाच ठरला असता.

१४/ पुढे हे नाव युबिसॉफ्टकडे आले. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्राला काळ मागे फिरवण्याची शक्ती लाभली, जे घड्याळ त्याचा शत्रू होते, तेच त्याचे शस्त्र झाले. सप्टेंबर २०२० मध्ये या खेळाची नवी आवृत्ती जाहीर झाली आणि तिची जबाबदारी होती पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे!

१५/ पहिल्या झलकेवर चित्रांबाबत टीका झाली, प्रकाशन पुढे ढकलले गेले आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले. तरीही ती घटना लहान नव्हे. ज्या राज्यात हा खेळ नकलेच्या फ्लॉपीवरून शिरला, तिथेच तीस वर्षांच्या आत त्याच्या पुनर्निर्मितीचे काम आले होते.

१६/ जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ आला : एकाच विशाल नकाशात भटकायचे, बंद वाटा ध्यानात ठेवायच्या, नवी शक्ती मिळाली की परतून त्या उघडायच्या. अडलेल्या जागेचे छायाचित्र नकाशावर टाचून ठेवण्याची सोय त्यात आहे. पात्रांना फारसी आवाजही दिलेले आहेत. पूर्वी हीच नोंद वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने होत असे.

१७/ मेकनरची रोजनिशी छापली गेली, आज्ञावली वाचली, भावाच्या धावण्याचे चित्रणही टिकले. नांदेड-लातूरच्या त्या वर्गांचे काय? विकली न गेलेली प्रत कोणत्याही हिशेबात नसते. म्हणून तिथे खेळलेली मुलेही या खेळाच्या अधिकृत इतिहासात नाहीत. ते वर्ग बंद झाले, त्या फ्लॉपी भंगारात गेल्या. उरल्या आहेत त्या पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांच्या आठवणी आणि कुठे तरी एखादी जुनी वही. त्यांच्याही घड्याळात मिनिटे मोजकीच आहेत. तोवर ते लिहून ठेवले गेले पाहिजे.

(समाप्त)