वकील कोणता करायचा? मद्रासच्या एका जुन्या खटल्यातून

या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, मोहिमा आणि लढाया यांवर बोलतो. आजचं रणांगण मद्रास हायकोर्ट आहे.

मी चेन्नईत राहतो. तमिळनाडूच्या गावोगावी आपल्या सांगली जिल्ह्यातली, खानापूर-आटपाडी-विट्याकडची माणसं गलाईचा धंदा करतात, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देतात. या धंद्याला एक कायमची भीती चिकटलेली आहे. एखाद्या दिवशी पोलीस दुकानात येतात, म्हणतात, तुम्ही घेतलेला माल चोरीचा आहे, आणि घरातला कर्ता माणूस ठाण्यावर जातो. मग फोनाफोनी सुरू होते. त्यातला एखादा फोन माझ्यासारख्या निवृत्त फौजीलाही येतो: "साहेब, इथला सगळ्यात मोठा वकील कोण?"

मी वकील नाही. पण याच शहरात ऐंशी वर्षांपूर्वी एक खटला चालला, ज्यात आरोपींकडे पैसा होता, कीर्ती होती, मोठ्यात मोठा वकील करायची ऐपत होती, आणि तरीही त्यांना जन्मठेप झाली. ते सुटले, पण वेगळ्याच रस्त्याने. तो रस्ता नीट पाहिला तर "सगळ्यात मोठा कोण" हा प्रश्न अर्धवट का आहे ते कळतं.

माणसाचं नाव सी. एन. लक्ष्मीकांतन. सिनेमातल्या लोकांच्या भानगडी छापणारा पत्रकार. त्याला खरं तर वकील व्हायचं होतं. पैशाअभावी जमलं नाही, तेव्हा तो कोर्टाभोवती दलाली करू लागला, अशिलांना वकिलांकडे नेऊन मधले पैसे खाऊ लागला. पुढे खोट्या कागदपत्रांच्या प्रकरणात अंदमानपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर त्याने 'सिनेमा तूतू' नावाचं साप्ताहिक काढलं. नटनट्यांची खासगी आयुष्यं, खरी-खोटी, त्यात छापून यायची. चित्रपटसृष्टीतल्या बड्या मंडळींनी गव्हर्नर सर आर्थर होप यांच्याकडे तक्रार केली आणि पत्राचा परवाना गेला. लक्ष्मीकांतनने 'हिंदू नेसन' नावाचं दुसरं पत्र घेतलं आणि तोच उद्योग चालू ठेवला.

८ नोव्हेंबर १९४४ रोजी वेपेरी भागात रिक्षातून जाताना त्याच्यावर सुऱ्याने हल्ला झाला. त्या दिवशी तो आपल्या ओळखीच्या वकिलाला भेटायला गेला होता, आणि जखमी झाल्यावरही त्याच वकिलाच्या घराकडे वळला. तिथून त्याला जनरल हॉस्पिटलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, तो मेला.

डिसेंबरमध्ये अटका झाल्या आणि सगळं मद्रास हादरलं. एम. के. त्यागराज भागवतर, म्हणजे तमिळ सिनेमाचा त्या काळचा सगळ्यात मोठा गायक-नट. आपल्याकडे बालगंधर्वांना पकडून नेलं असतं तर पुण्यात जे झालं असतं, त्याची कल्पना करा. त्यांचा 'हरिदास' त्याच दिवाळीला ब्रॉडवे थिएटरात लागला होता, आणि नायक तुरुंगात असताना तो तिथे तीन दिवाळ्या चालला. दुसरे आरोपी एन. एस. कृष्णन, विनोदाचा राजा. तिसरे कोइमतूरचे निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू. शिवाय काही साधी, नाव नसलेली माणसं. आरोप असा की बड्यांनी कट केला आणि बाकीच्यांनी सुरा चालवला.

खटला हायकोर्टाच्या सेशनमध्ये न्यायमूर्ती मॉकेट यांच्यापुढे, ज्यूरीसमोर चालला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे हायकोर्टातली ज्यूरी नऊ जणांची. किमान सहा जण एका मताचे झाले आणि न्यायाधीशालाही ते पटलं, की निकाल पक्का.

बचावाला मद्रासचे नावाजलेले फौजदारी वकील उभे होते, व्ही. टी. रंगस्वामी अय्यंगारांसारखे. नायडूंनी मात्र मुंबईहून कन्हैयालाल मुन्शींना आणलं. हे मुन्शी म्हणजे गुजराती कादंबरीकार, १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळातले गृहमंत्री, भारतीय विद्या भवनचे संस्थापक. ३ मे १९४५ ला निकाल लागला. ज्यूरीने बहुमताने भागवतर आणि कृष्णन यांना दोषी ठरवलं, दोघांना जन्मठेप. नायडू सुटले.

आता लगेच कोणी म्हणेल, बघा, मुंबईचा मोठा वकील आणला म्हणून सुटले. मला तसं वाटत नाही. प्रत्येकाविरुद्धचा पुरावा सारखा नव्हता, ही गोष्ट पहिली. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कटाच्या खटल्यात सगळे आरोपी एकाच पिंजऱ्यात उभे असले तरी त्यांचं हित एक नसतं. एकाला म्हणायचं असतं, कट झालाच नाही. दुसऱ्याला म्हणायचं असतं, झाला असेल, पण त्यात मी नव्हतो. आणि तिसरा माफीचा साक्षीदार होऊन दोघांवर उलटतो. या खटल्यातही माफीचा साक्षीदार होताच. सगळ्यांची एकच बाजू मांडणारा वकील अशा वेळी कोणाचीच बाजू पुरती मांडू शकत नाही. नायडूंनी आपला वेगळा माणूस उभा केला, ही त्यांची निवड शहाणपणाची होती, मग तो माणूस मुंबईचा असो की मैलापूरचा. आजही भाऊ-भाऊ किंवा मालक-नोकर एका गुन्ह्यात अडकले की खर्च वाचवायला एकच वकील करतात. जामिनापर्यंत चालतं. पुढे नोकराच्या लक्षात येतं की वकील मालकाचा आहे.

अपिलात व्ही. एल. एथिराज यांचं नाव येतं. हे बॅरिस्टर मद्रासचे क्राउन प्रॉसिक्युटर झालेले पहिले भारतीय. सरकारी बाजू खटला कसा बांधते, कुठे शिवण उसवते, हे त्यांना आतून ठाऊक होतं. पण ऑक्टोबर १९४५ मध्ये हायकोर्टाने अपील फेटाळलं. म्हणजे उत्तम वकील, तरी हार.

इथेच गोष्टीतली खरी मेख आहे. हायकोर्टाच्या सेशनमध्ये ज्यूरीने दिलेल्या निकालावर पूर्वी नेहमीचं अपीलच नव्हतं. १८९७ साली टिळकांना मुंबईत राजद्रोहासाठी शिक्षा झाली. ज्यूरी नऊ जणांची, सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले, आणि संपलं. बचावाला कलकत्त्याहून पग नावाचे बॅरिस्टर आणले होते. पुढे प्रिव्ही कौन्सिलकडे परवानगी मागायला लंडनमध्ये ॲस्क्विथ उभे राहिले, जे नंतर इंग्लंडचे पंतप्रधान झाले. याहून मोठा वकील कुठला आणणार? कौन्सिलने परवानगी नाकारली. दरवाजाच नव्हता, तर ठोठावणाऱ्याचा हात कितीही मोठा असून काय उपयोग.

तो दरवाजा १९४३ साली निघाला. फौजदारी प्रक्रिया संहितेत ४११-अ हे कलम घातलं गेलं आणि हायकोर्टाच्या सेशनमधल्या निकालावर हायकोर्टाच्याच मोठ्या पीठाकडे अपील करता येऊ लागलं, पुराव्याच्या मुद्द्यावरसुद्धा. भागवतरांचा खटला आला तेव्हा हे कलम जेमतेम दोन वर्षांचं होतं. ते किती रुंद उघडतं, हे ठरलेलं नव्हतं. मद्रासच्या पीठाने ते अरुंद वाचलं. साध्या भाषेत सांगायचं तर, ज्यूरीने एकदा ठरवलं की आम्ही पुरावा नव्याने तोलत बसणार नाही. बचावाने लंडनला नेला तो हाच मुद्दा. सुरा कोणी चालवला हा वाद मागे राहिला आणि प्रश्न एवढाच उरला की हायकोर्टाने आपले अधिकार नीट ओळखले की नाही. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, नाही ओळखले. प्रकरण मद्रासला परत आलं, नव्या पीठाने पुरावा स्वतः तोलला, आणि २५ एप्रिल १९४७ ला दोघे सुटले.

माझ्या मते या खटल्याचं सार या कलमात आहे. आरोपीचे नातेवाईक वकिलात आवाज शोधतात, दरारा शोधतात, उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस शोधतात. खालच्या कोर्टात तो लागतोच. पण त्या पायरीला चांगला असलेला माणूस वरच्या पायरीला चालेलच असं नाही, आणि उलटंही खरं आहे. दिल्लीत घटनेवर तासभर बोलणारा ज्येष्ठ वकील सैदापेटच्या मॅजिस्ट्रेटपुढे पंचनाम्यावरची सही खोडून काढू शकेल का, हा प्रश्न विचारावा लागतो.

फौजी माणूस म्हणून त्याच दिवसांतला दुसरा खटला आठवल्याशिवाय मला राहवत नाही. मद्रासला अपील फेटाळलं गेलं आणि लगेच ५ नोव्हेंबर १९४५ ला दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांचं कोर्ट मार्शल सुरू झालं. यातले सहगल पुढे मद्रासचे जावई झाले. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि लक्ष्मींचे वडील याच मद्रास हायकोर्टातले नामांकित फौजदारी वकील होते. लाल किल्ल्यात बचाव कोणी केला? भुलाभाई देसाईंनी. ते मुंबईचे ॲडव्होकेट जनरल राहिलेले, नाव मुख्यतः दिवाणी कामातलं. खुनाचे आरोप असताना दिवाणीतला माणूस का? कारण तिथे आरोपी लढले की नाही यावर वादच नव्हता. परक्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सेनेला युद्धाचा हक्क असतो की नाही, हा प्रश्न होता, आणि तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा होता. कोर्टाने तिघांना दोषी धरलं हे खरं, पण सरसेनापती ऑकिनलेकना जन्मठेप माफ करावी लागली.

आमच्या सैन्य नियमांत, १९५४ च्या आर्मी रूल्समध्ये, कोर्ट मार्शलच्या आरोपीला बचाव अधिकारी मिळतो, आणि त्याला 'आरोपीचा मित्र' म्हणून कोणालाही मदतीला घेता येतं. मी सेवेत असताना पाहिलंय, जवान बहुधा आपल्या मुलखातला किंवा वरच्या हुद्द्याचा अधिकारी मागतो. कर्नलसाहेब उभे राहिले की कोर्ट नरमेल, असं त्याला वाटतं. कागद पहाटेपर्यंत वाचणारा एखादा तरुण कॅप्टन त्याच्या कामाचा असतो, पण तो त्याच्या डोळ्यांत भरत नाही.

आता नाव नसलेल्या माणसांकडे वळू. भागवतरांना लंडनपर्यंत जाता आलं, कारण पैसा होता. त्या काळी वकील देण्याचा हक्क कायद्यात होता, १८९८ च्या संहितेचं कलम ३४०. गंमत म्हणजे आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा हक्क फिरून ३४० क्रमांकालाच आला आहे. राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने तो मूलभूत हक्क केला: आपल्या पसंतीचा वकील. पण पसंतीला पैसे लागतात. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की गरीब कैद्याला अपिलासाठी वकील देणं आणि निकालाची प्रत फुकट देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. हे अय्यरही मद्रास लॉ कॉलेजातच शिकलेले. त्यानंतर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला.

आणि एक निकाल तमिळनाडूचाच. कोइमतूरच्या वकील संघाने ठराव केला की अमुक पोलिसांचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. २०१० साली मोहम्मद रफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने असे ठराव रद्दबातल ठरवले. आरोपी कितीही नावडता असो, सगळ्या वकिलांनी मिळून त्याला नाकारता येणार नाही.

तर गलाईवाल्यांना मी काय सांगतो? पहिलं, भाषा. चेन्नईच्या खालच्या कोर्टांचं काम तमिळमध्ये चालतं. साक्षी तमिळमध्ये, जबाब तमिळमध्ये. मुंबईहून ओळखीचा मराठी वकील आणला तर मनाला धीर येईल, पण साक्षीदार काय बोलून गेला हे त्याला कोण सांगणार? वकील इथला करा, आणि घरातला तमिळ येणारा पोरगा त्याच्याबरोबर बसवा. दुसरं, चोरीच्या मालाच्या खटल्यात अर्धी लढाई तुमच्या वहीत असते. माल कोणाकडून घेतला, कधी, किती वजन, पावती कुठे. माल चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, किंवा तसं वाटायला कारण होतं, हे सरकारला दाखवावं लागतं. पहिल्याच भेटीत फी सांगण्याआधी वही मागणारा वकील मला आवडतो. तिसरं, तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनियरला पाठवणार, आणि उलटतपासणी कोण घेणार, हे तोंडावर विचारा. यात त्यांचा अपमान होत नाही. आणि "सोडवून देतो, लिहून घ्या" असं म्हणणाऱ्यापासून उठून या.

ठाण्याच्या दारात "माझ्या ओळखीचा वकील आहे" म्हणत भेटणारा माणूस मात्र लक्ष्मीकांतनचा वारस समजा. दलालांची यादी करून ती कोर्टात टांगायची तरतूद १८७९ च्या कायद्यात होती. तो कायदा मोडीत निघाला, पण २०२३ साली ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दुरुस्ती करून तीच तरतूद पुन्हा घालावी लागली.

पैसे नसतील, तर तमिळनाडू राज्य विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय हायकोर्टाच्या आवारातच आहे. देशभरासाठी फोन क्रमांक १५१००. अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न देताही तिथे वकील मिळू शकतो.