हळदीचा आयड्रॉप: अडतंय कुठे?

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो. अश्रूंचा थर वाळतो, डोळे चुरचुरतात. हे वारंवार होत राहिलं की दाह वाढतो आणि पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे अस्थिर रेणू तयार होतात. अँटिऑक्सिडंट त्यांना निष्प्रभ करतात. म्हणून संशोधकांची नजर हळदीतल्या कर्क्युमिनवर गेली.

अडचण काय?
मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते साधं गणित. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम 7 मायक्रोलिटर. जास्तीचं औषध गालावर ओघळतं किंवा नाकावाटे घशात उतरतं. म्हणूनच कधीकधी कडू लागतं! त्यात कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि उजेडात खराब होतं.

उपाय काय शोधतायत?
- मायसेल: कर्क्युमिनला पोटात घेऊन पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म गोळे.
- जेल होणारा थेंब: बाटलीत पातळ, जेलन गम अश्रूंतल्या क्षारांना भेटला की घट्ट होतो.
- कायटोसान: कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळतं. त्याचा धन प्रभार डोळ्यावरच्या ऋण प्रभाराच्या म्युसिनला चिकटतो.

यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच आहे.

मग घरची हळद?
अजिबात नको. हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेलं पेटंट सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन 1997 मध्ये रद्द करायला लावलं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ते गिरगावात वाढले आणि माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत शिकले. पण तो वाद हे ज्ञान नवं आहे की जुनं, याचा होता. लालबागच्या मसाला बाजारातली हळद जेवणासाठी आहे. ती निर्जंतुक नसते. डोळ्यात घातली तर बुबुळाला इन्फेक्शन होऊन नजर जाऊ शकते. मध आणि गुलाबपाण्याचंही तेच.

आज काय कराल?
डॉक्टरांनी दिलेला ड्रॉप एकच थेंब टाका. डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये किमान 5 मिनिटं जाऊ द्या. नवं तंत्रज्ञान येईल तेव्हा येईल. तोवर औषध डोळ्यात टिकवायची ही फुकटातली युक्ती वापरा. दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर मात्र थेट डॉक्टर गाठा.