हॉथॉर्नचे प्रयोग आणि दाराबाहेरचा कामगार
कामगाराला आपुलकी दाखवली की उत्पादन वाढते, हा व्यवस्थापनशास्त्राचा लाडका सिद्धान्त. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांतून तो निघाला. अॅलेक्स केरी यांनी १९६७ च्या लेखात त्यांचा अहवाल उलटतपासला. टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या पाच तरुणींपैकी दोघींना १९२८ मध्ये काढून नव्या आणल्या. केरींच्या मते खरी वाढ त्यानंतरची. म्हणजे कोणाला आत ठेवले, यावरच निष्कर्ष ठरला.

त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू असताना बाबासाहेब विचारत होते : अस्पृश्यांना विणकाम खाते बंद का? तिथे धागा तोंडाने ओला करावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ वाटे! कामगारांच्या वर्तनावरचा प्रत्येक लेख वाचताना आपण प्रथम हेच विचारावे : दारातूनच परतवलेला माणूस या नोंदीत आहे काय?